नेलपॉलिशखालचा निळा दोरा

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईच्या टेबलावर बंदूक काय करतेय, हा प्रश्न दुकानात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला पडायचा. काहीजण विचारायचे, काहीजण न विचारता दोन पावलं मागे सरकायचे. ताई मान वर न करता सांगायची, "खेळातली आहे. रंगाच्या गोळ्या सुटतात. तुमच्या मशीनच्या सुईपेक्षा गरीब आहे बिचारी."

बंदूक म्हटलेलं तिच्या भावाला खपायचं नाही. "मार्कर म्हण गं ताई, मार्कर. मैदानावर बंदूक म्हणालीस तर लोक हसतील." हा भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. ती त्याला धाकट्या म्हणायची, बाकी सगळे कप्तान म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला कप्तान हीच हाक जास्त आवडायची. जुन्या लाकडाच्या वखारीमागच्या मैदानावर दर रविवारी दोन संघ पिंपांच्या आणि टायरांच्या आडून एकमेकांवर रंगगोळ्या झाडायचे. अंगावर रंग फुटला की माणूस बाद. तिशी-पस्तिशीचे बाप्ये चिखलात रांगताना पाहून ताईने पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "यांचे कपडे कोण धुतं?"

तिचा या खेळाशी संबंध आला तो चापामुळे. दोन वर्षांपूर्वी धाकट्याने आपला मार्कर आणून तिच्यापुढे ठेवला. साधा, यांत्रिक, बॅटरी-बिटरी काही नसलेला. "याचा चाप ओढेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन परत येतो," तो म्हणाला. "काहीतरी कर ना. तुझ्या हाताखाली कुठलंही यंत्र सरळ होतं."

ताईने मार्कर उघडला आणि तिला हसू आलं. एवढ्यासाठी एवढा बाऊ! आत एक खटका, त्याला अडवून धरणारी एक कड, एक स्प्रिंग, आणि चापाच्या पुढे-मागे दोन बारीक स्क्रू. पुढचा स्क्रू आत घेतला की चापाची सुरुवातीची रिकामी ओढ कमी होते. मागचा घेतला की गोळी सुटल्यानंतर चाप उगाच आत जात राहत नाही. जन्मभर दोऱ्याचा ताण लावत आलेल्या बाईला यात नवीन ते काय? तिने खटक्याची कड पॉलिश पेपरने घासून नखाला लागेनाशी केली, जाडजूड स्प्रिंग काढून भंगारातल्या एका शिवणयंत्राची नाजूक स्प्रिंग बसवली, थेंबभर तेल सोडलं आणि दोन्ही स्क्रू केसाकेसाने फिरवत बसली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बोटाची ओढ नखभर हालचालीवर आली होती. धाकट्याने परसात पत्र्याच्या डब्यावर गोळ्या मारून पाहिल्या आणि लहानपणी मारायचा तशी तिला मिठी मारली.

मग त्याचा अख्खा संघ आला. मग ज्यांना त्याच्या संघाने धुतलं होतं ते संघही आले. शिवणयंत्रं तशीही कमी होत चालली होती. लोक कपडे विकत घेतात आणि फाटले की टाकून देतात. तेव्हा ताईच्या मांडणीवर यंत्रांपेक्षा मार्कर जास्त दिसू लागले. प्रत्येकाच्या दांड्याला एक चिठ्ठी बांधलेली: नाव, तारीख, तक्रार. चिठ्ठीशिवाय दुकानात वस्तू घ्यायची नाही हा वडिलांच्या वेळचा शिरस्ता. धाकट्याचा मार्कर मात्र बिनचिठ्ठीचा, थेट तिच्या टेबलावर. घरच्या माणसाचं नाव काय लिहायचं?

या कामात एक मेख होती. स्क्रू फार आत गेले, तर चाप इतका हळवा होतो की गोळी सुटल्याच्या धक्क्यानेच तो बोटावर परत आपटतो आणि दुसरी गोळी आपोआप सुटते. खेळात हे सरळसरळ पाप. नियम असा की एक ओढ, एक गोळी. ताई प्रत्येक मार्करची ती हद्द शोधून काढायची आणि तिथून अर्धा फेरा मागे यायची. कोणी कितीही लोणी लावलं तरी अर्ध्याचा पाव करायची नाही. धाकट्याने मागच्या महिन्यात लाडात येऊन विचारलं होतं, "पण माझ्या मार्करची हद्द नेमकी कुठेय, सांग तरी." तिने सांगितलं होतं. तो भाऊच, त्याच्यापासून काय लपवायचं?

स्क्रू लावून झाला की ती त्यावर डाळिंबी नेलपॉलिशचा ठिपका द्यायची, म्हणजे तो हादऱ्याने फिरत नाही. ही बाटली तिने एका लग्नासाठी घेतली होती. त्या रंगात आपली बोटं ओरबाडल्यासारखी दिसतात असं तिचं मत झालं आणि बाटली ड्रॉवरमध्ये गेली. आता तो ठिपका मैदानावर नाव कमावून होता. मैदानाचे मुख्य पंच, ज्यांना त्यांच्या ताठ उभं राहण्यामुळे सगळे काटकोन म्हणायचे, तपासणीच्या टेबलावर डाळिंबी ठिपका दिसला की म्हणायचे, "ताईंचं काम आहे. जाऊ द्या."

आणि ठिपक्याखाली दोरा. हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. वडील यंत्राचा स्क्रू बंद करताना लाखेखाली निळ्या दोऱ्याचा एक तंतू आडवा ठेवायचे, डोळे फाडून बघितलं तरच दिसेल एवढा. गिऱ्हाईकं घरी जाऊन स्वतःच स्क्रू पिळायची आणि वर भांडायला यायची, "तुम्हीच बिघडवलंत." वडील लाख खरवडून बघायचे. तंतू तुटलेला किंवा नाहीसा झालेला असला की शांतपणे म्हणायचे, "हा हात माझा नाही." भांडण तिथेच संपायचं.

वडिलांनी ही युक्ती फक्त ताईला सांगितली. ते गेले तेव्हा धाकटा पंधरा वर्षांचा होता. दुकान ताईकडे, हत्यारं ताईकडे, कारागिरी ताईकडे. त्याच्या वाट्याला वडिलांचं काहीच आलं नाही म्हणून तो मांडणीमागे बसून हमसून रडत होता. तिला ते बघवेना. ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली, त्याला दोऱ्याची गोष्ट सांगितली आणि धडधडीत खोटं बोलली: "बाबांनी हे आपल्या दोघांसाठी ठेवलंय." त्याने नाक पुसत ऐकलं आणि म्हणाला, "दोरा घेऊन काय करू?" त्यानंतर दुकानातल्या कुठल्याही गोष्टीकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. ताईने गृहीत धरलं की तो विसरला. ज्याला स्वतःच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, त्याला दोरा कुठला आठवायला!

यंदाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात काटकोन स्वतः दुकानात आले. मैदान समितीने ठरवलं होतं की पुढच्या हंगामापासून सगळे मार्कर एकाच जागी तपासायचे आणि दुरुस्त करायचे. प्रवेशद्वाराशी एक टेबल, त्यावर पाटी, आणि पाटीवर ताईचं नाव. "पत्र तयार आहे. रविवारी सामना झाला की सगळ्यांसमोर देतो," ते म्हणाले. तीस वर्षं हे दुकान वडिलांच्या नावाने चाललं होतं. गिऱ्हाईकं अजूनही "ते आहेत का?" असं विचारायची. आता कुठेतरी तिचं नाव लागणार होतं. तिने धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे वा! मग आता सगळ्यांचे मार्कर तूच तपासणार?" आणि थोडं थांबून, "कडकपणा कमी कर हं जरा."

शुक्रवारी दुपारी ती सुटे भाग आणायला बाजारात गेली होती. परत आल्यावर ड्रॉवर उघडला तर नेलपॉलिशच्या बाटलीचं टोपण तिरकं बसलेलं. बाटली वाळली असती तर? तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि टोपण घट्ट लावलं. दुकानाची दुसरी किल्ली धाकट्याकडे होती, पण तिच्या मनात तसलं काही आलंही नाही.

रविवारी सकाळी मैदान फुलून गेलं होतं. ताईने इस्त्रीचे कपडे घातले होते, वर नखंही रंगवली होती, त्याच डाळिंबी रंगाने, ओरबाडल्यासारखी दिसली तर दिसली. खेळाडूंच्या जाळीमागे तिला खुर्ची दिली होती. पहिल्या डावात हिरव्या संघाने, म्हणजे धाकट्याच्या संघाने, पिवळ्यांची दाणादाण उडवली. धाकटा पिंपामागून उठायचा आणि गोळ्यांचा नुसता सडा पडायचा. लोक टाळ्या वाजवत होते. ताईने मात्र दुसऱ्याच फैरीला कान टवकारले. शिवणयंत्राचा एक टाका चुकला तरी बाहेरच्या खोलीतून कळणारे कान ते. पट्-पट्, थोडी शांतता, पट्-पट्.

तेवढ्यात पिवळ्या संघाची एक उंच मुलगी मुखवटा काढून तरातरा पंचांकडे गेली. "एका ओढीत दोन सुटतायत त्याच्या. मी बोट बघितलंय त्याचं."

खेळ थांबला. काटकोनांनी धाकट्याचा मार्कर घेतला, भिंतीला टांगलेल्या पोत्यापुढे उभे राहिले आणि अगदी सावकाश चाप ओढला. पट्-पट्. पुन्हा ओढला. पट्-पट्. दहातून सात वेळा दोन.

नियम सगळ्यांना पाठ होता. खेळाडूने स्वतः चाप छेडला असेल तर तो दोन हंगाम बाहेर. दुरुस्त करणाऱ्याने चुकीचा लावला असेल तर दुरुस्त करणारा कायमचा बाहेर, आणि खेळाडूने दुसरा मार्कर घेऊन पुढे खेळावं.

"हा चाप कोणी लावलाय?" काटकोनांनी विचारलं.

धाकट्याने मुखवट्याची काच पुसायला घेतली. "ताईनं," तो म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही. ती देते तसा मी वापरतो. ठिपका आहे बघा तिचा."

ठिपका होता. डाळिंबी, गोल, कोरडा. सगळ्यांचे डोळे जाळीमागच्या खुर्चीकडे वळले.

ताई उठून आत आली. चालताना तिला दोन गोष्टी एकदमच कळत होत्या. एक, हा चाप तिने असा लावलेला नाही. दुसरी, हे तिने म्हटलं की धाकटा दोन हंगाम घरी बसणार. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने नुसतं तिच्या डोळ्यांत बघून "ताई, चुकलं" म्हटलं असतं ना, तर तिने सगळा दोष आपल्या पदरात घेतला असता. लहानपणी फुटलेल्या काचांचा घेतला, नापास झालेल्या वर्षाचा घेतला, आताही घेतला असता. पण तो काच पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"ताई, हे तुमचंच काम का?" काटकोनांचा आवाज मऊ होता. त्यांनाही ते नको होतं. शर्टाच्या खिशातून पत्राचा पांढरा कोपरा बाहेर डोकावत होता.

ताईने तो कोपरा पाहिला. मग म्हणाली, "नाही. मी अर्धा फेरा मागे ठेवते. नंतर कोणीतरी फिरवलाय."

"पण ठिपका तर शाबूत आहे."

"ठिपका कोणीही देईल. तो खरवडा." तिने स्वतःच्या केसातली पिन काढून दिली. "माझ्या प्रत्येक ठिपक्याखाली निळ्या दोऱ्याचा तंतू असतो. माझ्या वडिलांची पद्धत आहे. माझ्याशिवाय जगात कोणालाही ठाऊक नाही. तंतू असला तर काम माझं. नसला तर माझं नाही."

बोलताना तिला माहीत होतं की ती आपल्या हाताने भावाला बाहेर काढतेय. पंचांनी पिनेने नेलपॉलिशचा पापुद्रा हळूच उचलला. ती उंच मुलगी वाकली, दोन्ही संघ वाकले, चार प्रेक्षकही जाळीला नाक लावून वाकले.

"आहे की हो," काटकोन म्हणाले. "हा बघा. निळा."

ताईला आधी वाटलं, त्यांची नजर चुकतेय. तिने मार्कर हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला. तंतू होता. आडवा, नीट, स्क्रूच्या खाचेवर मधोमध ठेवलेला. वडिलांनी ठेवला असता तसा.

तिने मान वर केली. सगळे अजून मार्करवर ओणवे झालेले होते. एक धाकटाच तेवढा वाकला नव्हता. तो ताठ उभा होता, नजर पलीकडच्या पिंपांवर. काय दिसणार आहे ते त्याला माहीतच होतं.

मग तिला तिरकं टोपण आठवलं. आणि त्याच्यापाठोपाठ दुसरी गोष्ट कळली, ती पहिलीपेक्षा वाईट होती. नुसतं तपासणीतून निसटायचं असतं तर ठिपका पुरेसा होता; पंच ठिपका बघूनच सोडत होते. दोरा बघणारं माणूस जगात एकच होतं. तो तंतू त्याने तिच्यासाठीच ठेवला होता. पकडलो गेलो तर ताई काय म्हणेल, काय खरवडायला सांगेल, हे त्याने आधीच, शांतपणे, तिच्याच टेबलाशी बसून ठरवलं होतं. लोक केसाने गळा कापतात. याने तिनेच दिलेल्या दोऱ्याने कापला होता.

"आणखी कोणाला हे माहीत असेल?" काटकोनांनी विचारलं. त्यांना तिला वाचवायचं होतं, हे तिला दिसत होतं.

आता काय सांगणार? "माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही" हे शब्द अजून तिथेच हवेत होते. आता भावाचं नाव घेतलं असतं तर गळ्याशी आल्यावर बाई भावावर ढकलतेय, असंच प्रत्येकजण म्हणाला असता. तिने एकदा, शेवटचं, धाकट्याकडे बघितलं. त्याने मुखवटा चेहऱ्यावर चढवला.

"नाही," ती म्हणाली.

काटकोनांनी पत्राचा कोपरा अंगठ्याने खिशात ढकलला. वहीत काहीतरी लिहिलं. धाकट्याला दुसरा मार्कर मिळाला, आणि हिरवा संघ दोन गुणांनी जिंकला. ते ताईला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं, कारण ती दुसरा डाव सुरू व्हायच्या आत निघून आली होती. घरी आल्यावर तिने साबण, चिंचेचं पाणी, रॉकेल, जे सापडेल ते लावून नखं घासली. रंग निघाला, कडांना मात्र राहिला. मग ती मोरीतच बसून रडली, चांगली मोठ्याने.

चौथ्या दिवशी धाकटा दुकानात आला. काउंटरपाशी एक बाई आपलं शिवणयंत्र घेऊन उभी होती. तो तिला ओलांडून आत शिरला आणि नेहमीसारखा मार्कर थेट ताईच्या टेबलावर ठेवला.

"रागावलीस ना?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "ऐक तरी. मोठ्या संघाची माणसं आली होती मला बघायला. दोन हंगाम बाहेर बसलो असतो तर मी संपलो असतो गं. तू थोडीच खेळतेस? तुझं काय गेलं? तुझं दुकान आहेच की."

ताईच्या हातात एक बॉबिन होती, ती तिने बाजूला ठेवली.

"आणि हे," त्याने मार्कर पुढे सरकवला, "स्क्रू तेवढा मागे घेऊन दे. मी फिरवून बघितला, पण नीट लागेचना. कुठं लावायचा ते तुलाच माहीत. फक्त..." तो जरा घुटमळला. "तुझा ठिपका देऊ नकोस. आता तो मैदानावर चालत नाही."

ताई उठली. तिने मार्कर उचलून काउंटरवर नेला आणि काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिली. तो तिच्यामागून आला, तशी तिने मधली फळी उचलून धरली आणि तो बाहेरच्या बाजूला, त्या बाईच्या शेजारी गेल्यावर ती खाली पाडली. ताईने खणातून एक कोरी चिठ्ठी काढली, पेन्सिलीला टोक केलं.

"नाव सांगा," ती म्हणाली.

तो हसला. "काय गं ताई..."

"नाव. चिठ्ठीशिवाय वस्तू ठेवून घेत नाही आम्ही."

शेजारची बाई त्याच्याकडे बघू लागली. त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने नाव सांगितलं, पूर्ण, मध्ये वडिलांच्या नावासकट. ताईने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं एकेक अक्षर सुटं करून लिहिलं. त्याखाली तारीख घातली.

"तक्रार काय आहे?"

त्याने शेजारच्या बाईकडे चोरून बघितलं. ताईने स्वतःच लिहिलं: एका ओढीत दोन गोळ्या सुटतात. चिठ्ठी साध्या पांढऱ्या दोऱ्याने मार्करच्या दांड्याला बांधली आणि मार्कर मांडणीच्या तिसऱ्या फळीवर, परक्यांच्या मार्करच्या रांगेत, शेवटी ठेवला.

"आठ दिवसांनी या," ती म्हणाली. "आणि दुकानाची दुसरी किल्ली तुमच्याकडे राहिलीय. ती ठेवून जा."

त्याने किल्ली काउंटरवर ठेवली. ताईने ती उचलली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि शेजारच्या बाईकडे वळली.

"हं, बोला. काय होतंय मशीनला?"